गाणी वाजवायला नवीन मशीन कशाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या कॉम्प्युटरांवर जो लेख होता तो मी दोनदा वाचला, एकदा चहाबरोबर आणि एकदा चिडून. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरं, त्या मशीनवरून बँकेचे व्यवहार करू नका हेही मान्य, पण शेवटच्या परिच्छेदात लेखक म्हणतात की असल्या मशीनवर आता साधी गाणी ऐकायचाही भरवसा नाही, सरळ भंगारवाल्याला देऊन टाका, तिथं माझं डोकं सटकलं. कारण आमच्याकडे जिन्याखालच्या कोनाड्यात असलंच एक २०१० सालचं मशीन बसलंय, दोन जीबी रॅम, मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही, आणि ते रोज पहाटे साडेपाचला तानपुरा लावतं. विंडोज काढून लिनक्स टाकलंय अर्थात. पण लिनक्स टाका म्हणून सांगायला हे पत्र नाही, ते सगळेच सांगतात. मला म्हणायचंय ते असं की मशीन मुकं होतं ते म्हातारं झालं म्हणून नाही, तर प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने आवाज बाहेर काढायची वाट एकाच दाराला बांधून ठेवलेली असते म्हणून. दुसऱ्याला नावं ठेवायला म्हणत नाही, ती चूक मी स्वतःच केलीय आणि पुढं बरीच वर्षं निस्तरत बसलोय.

थोडं घरचं सांगतो म्हणजे संदर्भ लागेल. मी मिरजेचा. नोकरी सगळी एका साखर कारखान्याच्या ईडीपी म्हणजे कॉम्प्युटर विभागात झाली, ऊसबिलं, पगारपत्रकं, तोडणी-वाहतुकीचे हिशोब. आता निवृत्त. बायको गाण्याचा क्लास घेते, वीसेक पोरी आणि तीन-चार पोरं. आता मिरजेत राहून कॉम्प्युटरवर तानपुरा लावतो म्हटल्यावर सतारमेकर गल्लीतली ओळखीची माणसं माझ्याकडे कशी बघत असतील ते तुम्हीच समजा, त्यात २०२४ ला मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून टोमणे जरा जास्तच वाढलेत. पण आमच्याकडे खरे तानपुरे आहेत हो, दोन आहेत, दोन्ही इथलेच. फक्त पहाटे हिला एकटीला रियाज करायचा असतो तेव्हा छेडायला कोण बसणार? मला बसवलं तर तानपुऱ्यापेक्षा घोरणं जास्त ऐकू येईल. म्हणून मी आमच्याच तानपुऱ्यांचं रेकॉर्डिंग केलं, एकाचं हार्मोनियमच्या काळी चार पट्टीला, दुसऱ्याचं काळी एकला, दहा-दहा मिनिटांचं, आणि ते गोल गोल वाजवत राहणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. २००६ साली, सी मध्ये, जेमतेम दोनशे ओळी, काळ्या पडद्यावर नाव टाइप केलं की वाजतो.

तयार प्लेअर का नाही घेतला असं कुणी विचारेल. घेतला होता. पण एमपी३ करताना एन्कोडर सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता चिकटवतो, एमपी३ ची एक फ्रेम म्हणजे एक तुकडा, ११५२ सॅम्पलचा (सॅम्पल म्हणजे आवाजाचं एकेक मोजमाप), सीडीच्या वेगाने साधारण २६ मिलीसेकंद. सिनेमाच्या गाण्यात कुणाला पत्ता लागत नाही. तानपुऱ्यात लागतो. दर दहा मिनिटांनी आवाज डोळा मिचकावल्यासारखा करतो आणि नेमका तेव्हाच हिचा खर्ज लागलेला असतो. (आजकालचे चांगले प्लेअर ती शांतता मोजून कापतात, एमपीजी१२३ नावाचा प्लेअर कापतो, पण तेव्हा मला हे माहीत नव्हतं.) म्हणून मी एमपी३ चा नादच सोडला, वेव्ह फाइल ठेवली, सांधा हाताने जुळवला आणि स्वतःचा प्लेअर लिहिला.

तेव्हा लिनक्सवर आवाज काढणं म्हणजे अगदीच सोपं काम होतं. डेव्ह-डीएसपी नावाची एक फाइल असायची, फाइल म्हणजे नावाला, खरं तर साउंड कार्डाचं तोंडच ते. ती उघडायची, सांगायचं की सेकंदाला ४४,१०० सॅम्पल, १६ बिट, दोन चॅनेल, आणि मग आकडे ओतत राहायचं, सेकंदाला १,७६,४०० बाइट. ओतायचं थांबलं की आवाज थांबला. या पद्धतीला ओएसएस म्हणतात, फिनलंडच्या हन्नू साव्होलाइनेन यांनी १९९२ पासून साउंड ब्लास्टर कार्डासाठी जे ड्रायव्हर लिहिले त्यातून ती आली. मी लिहायला बसलो तेव्हाच ती जुनी झालेली होती हे मला नंतर कळलं, कारण डिसेंबर २००३ च्या २.६ कर्नलबरोबर, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याबरोबर, अल्सा नावाची नवी पद्धत आली होती आणि माझा प्रोग्रॅम अल्साने जुन्या लोकांसाठी उघडं ठेवलेल्या मागच्या दारातून चालला होता. मला वाटत होतं पुढच्या दारातून चाललाय.

मग काय व्हायचं ते झालं. एकदा सिस्टम अपग्रेड केली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तानपुरा नाही. डेव्ह-डीएसपी ही फाइलच गायब. मशीन तेच, कार्ड तेच, स्पीकर तेच, बाकी सगळे प्लेअर वाजतायत, माझाच मुका. मग ए-ओएसएस नावाची एक कुबडी असते ती लावून चालवला, ही कुबडी प्रोग्रॅमला फसवते की बाबा तुझी फाइल आहे हं, आणि आतून अल्साकडे पाठवते. त्यानंतर पल्सऑडिओ नावाची आणखी एक पद्धत आली, लिनक्सच्या जातींपैकी फेडोराने २००७ ला घेतली, उबुंटूने २००८ ला, तिची कुबडी वेगळी. आणि आता २०२१ पासून फेडोरात पाइपवायर आहे, ते जुन्या पल्सचं आणि जॅक नावाच्या पद्धतीचंही (हेडफोनचा जॅक नव्हे) सोंग घेतं म्हणून बरंय, पण दार बदललं ते बदललंच. मधे पुण्याच्या भाच्याने मॅक घेतला, मामा मलाही द्या म्हणाला, मॅकवर तर सगळंच निराळं, तिथं आवाजाची पद्धत कोअर ऑडिओ. मी आपला प्रत्येक वेळी त्याच दोनशे ओळींत इफडेफ घालून नवा तुकडा घुसवत गेलो, हे मशीन असेल तर हे कर, ते असेल तर ते कर, दोनशेच्या नऊशे झाल्या आणि एक तुकडा दुरुस्त केला की दुसरा बिघडायचा.

गंमत म्हणजे ही चूक मी नोकरीत एकदा करून बसलो होतो. कारखान्यात ऊसबिलं १३२ कॉलमच्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर छापायची, अक्षर बारीक करा, ठळक करा, पान ढकला, या सगळ्याचे गुप्त कोड असायचे, आणि मी ते कोड जिथं लागतील तिथं, प्रत्येक रिपोर्टच्या प्रोग्रॅममधे सरळ लिहून ठेवले होते. एके वर्षी गळीत हंगामाच्या तोंडावर नवे प्रिंटर आले, दुसऱ्या जातीचे. त्यांना माझे कोड कळेनात, शेतकऱ्याच्या नावाच्या जागी बदाम, चौकोन, हसरे चेहरे. चाळीसेक प्रोग्रॅम होते. आठ दिवस रात्री बसून सगळ्यातून ते कोड उपटले आणि एका वेगळ्या फाइलीत नेऊन ठेवले, प्रत्येक प्रिंटरची एक फाइल, वरून सगळ्यांची नावं सारखी. त्यानंतर प्रिंटर बदलला तर अर्ध्या तासाचं काम. इतकं शिकून पुन्हा साउंड कार्डाशी तेच! बायको म्हणाली, अहो, प्रिंटर काय नि तानपुरा काय, तुमचं सगळं शेवटी आठ दिवस रात्रीच बसायचं.

तर शेवटी मी शहाणपणाने दुसऱ्यांचं बघायला गेलो. सीमस नावाचा टर्मिनलवरचा प्लेअर आहे, टिमो हिर्व्होनेन यांनी सुरू केलेला, त्याचा सोर्स कुणीही वाचू शकतो. त्यात गाणं उलगडणारा भाग वेगळा आणि आवाज बाहेर टाकणारा भाग वेगळा, आणि या बाहेर टाकणाऱ्याकडून मागणी किती तर मोजकीच कामं: सुरू हो, बंद हो, या फॉरमॅटमधे दार उघड, दार लाव, उरलेलं फेकून दे, हे घे आणि लिही, तुझ्याकडे जागा किती आहे सांग, थांब, पुन्हा चालू हो. नऊ फंक्शनं. ही नऊ ज्याला जमतात तो बॅकएंड, मग आत अल्सा असो, पल्स असो, जॅक असो, मॅक असो नाहीतर ओपनबीएसडी या निराळ्या सिस्टमचं एसएनडीआयओ असो. आवाज कमीजास्त करायचं काम त्यांनी यातही मिसळलेलं नाही, मिक्सर म्हणून अजून वेगळं काढलंय. मी ते वाचताना खरंच हात जोडले. नऊशे ओळी फेकल्या आणि पुन्हा बसलो, हो, रात्रीच.

यातलं एक काम मला आधी फालतू वाटलं होतं, ते म्हणजे फेकून दे. लिहिलेलं वाजेलच की, फेकायचं कशाला? पण तानपुऱ्यासाठी मी बफर, म्हणजे वाजायच्या आधी आवाज साठवायची जागा, मोठा ठेवला होता, दोन सेकंदांचा, म्हणजे मशीन कशात गुंतलं तरी सूर तुटायला नको. आता ही क्लासमधे हात वर करून थांबवते आणि तानपुरा पुढं दोन सेकंद चालूच, पोरी हसतात. संपवण्याचे दोन प्रकार असतात बघा, गाणं आपोआप संपलं तर बफरात उरलेलं वाजू द्यायचं, नाहीतर शेवटची सम कापली जाते, आणि माणसाने थांब म्हटलं तर उरलेलं ओतून टाकायचं. दोन्हीला एकच बटण ठेवलं की कुठंतरी घोटाळा होणारच. आणि अल्सात अजून एक, बफर कोरडा पडला की पुढचं लिहिणं घेतच नाही, एरर देतं, मग त्याला पुन्हा तयार हो म्हणून सांगावं लागतं. लॅपटॉपचं झाकण मिटून उघडलं की निराळी एरर. हे सगळं बॅकएंडने आपल्या पोटात घ्यायचं, वरच्या प्लेअरला कळताही कामा नये.

मॅकचं प्रकरण मात्र उलटं निघालं. तोपर्यंत माझी समजूत अशी की मी ओततो आणि कार्ड पितं. कोअर ऑडिओ म्हणतं तू ओतू नकोस, मला लागेल तेव्हा मी मागीन. पंगतीत जेवणारा वाढा म्हणून हाक मारतो ना, तसं. आणि मागतो किती वेळाने, तर १०२४ फ्रेमचा घास धरला (ही एमपी३ ची फ्रेम नव्हे, इथं फ्रेम म्हणजे दोन्ही चॅनेलचा एकेक सॅम्पल) तर दर २३ मिलीसेकंदांनी. हाक आली तेव्हा पळी भरलेलीच हवी, तेव्हा चुलीकडे धावलात तर पान रिकामं, आणि आवाजाच्या भाषेत रिकामं पान म्हणजे टक्. म्हणून त्या हाकेच्या आत फाइल वाचायची नाही, मेमरी मागायची नाही, लॉक लावून कुणाची वाट बघायची नाही, फक्त तयार असलेलं वाढायचं. त्यासाठी मधे रहाटगाडगं बसवावं लागतं, पुस्तकात त्याला रिंग बफर म्हणतात, पण खरंच रहाटच आहे तो, एकीकडून प्लेअर गाडगी भरतो, दुसरीकडे कार्ड रिकामी करतं, आणि गाडगी गोल फिरत राहतात. भरणारा फक्त भरायची खूण पुढं सरकवतो, उपसणारा फक्त उपसायची, एकमेकांच्या खुणेला कुणी हात लावत नाही, त्यामुळं भांडण नाही. हा रहाट बसवल्यावर ओतणारे आणि मागणारे दोन्ही जातीचे बॅकएंड वरून एकसारखे दिसायला लागले. माझ्या आयुष्यात मी लिहिलेला सगळ्यात समाधानाचा कोड हाच, साठ-सत्तर ओळी आहेत.

आता खरी गोष्ट. या कोनाड्यातल्या मशीनचा मागचा जॅक सैल झाला, हलवला की खरखर. म्हणून सांगलीच्या बाजारातून एक युएसबीचं साउंड कार्ड आणलं, काडेपेटीएवढं. लावलं, वाजलं, मी खूश. दुसऱ्या दिवशी क्लासमधून हाक, "अहो, तानपुरा कुणी चढवला?"

मी म्हटलं रेकॉर्डिंग आहे ते, ते कसं चढेल, तुझंच काहीतरी. हे म्हणायला नको होतं. तिने हार्मोनियम पुढं ओढली, काळी चार दाबली, नाही जुळली, पांढरी सहा दाबली, तानपुरा तिच्याही वर, काळी पाच दाबली तर तिच्या खाली. म्हणजे दोन पट्ट्यांच्या बरोबर मधे कुठंतरी, जिथं हार्मोनियमला घरच नाही. पोरी वरच्या सा पर्यंत जाताना मान ताणतायत. आणि माझ्याकडे वीस जणी बघतायत.

मी वर येऊन पहिल्यांदा काय केलं तर एक खोटा बॅकएंड ठेवला होता तो वापरला, जो कार्डाला काही न देता सगळं वेव्ह फाइलमधे लिहितो. चाचणीसाठी म्हणून पंधरा ओळींत लिहिला होता. ती फाइल भाच्याच्या मॅकवर पाठवून वाजवली, सूर बरोबर, काळी चार. म्हणजे माझा प्लेअर बरोबर, बिघाड त्याच्या पुढं आहे. मग घड्याळ लावून बसलो. दहा मिनिटांची फाइल ९ मिनिटं ११ सेकंदांत संपली. ६०० भागिले ५५१, आकडा बघितला आणि कपाळावर हात मारला. ४८,००० भागिले ४४,१०० पण तेवढंच. त्या काडेपेटी कार्डाला ४८,००० च येत होतं, दुसरं काही येतच नव्हतं. मी अल्साला सांगितलं होतं की ४४,१०० दे, नाहीतर त्याच्या जवळचं काय असेल ते दे. त्याने इमानदारीत जवळचं दिलं आणि काय दिलं ते परत सांगितलंही. मीच ते उत्तर वाचलं नव्हतं. नऊ टक्के वेगात गेलं की सूर जवळजवळ दीड पट्टी चढतो. आणि मी वर शहाणपणा करून कार्डाशी थेट बोलत होतो, मधे कुणी नको म्हणून; नेहमीच्या दाराने गेलो असतो तर रेट, म्हणजे सेकंदाला किती सॅम्पल ते, बदलायचं काम अल्साने किंवा पल्सने आपणहून केलं असतं.

तेव्हापासून माझ्या बॅकएंडचा नियम असा की दार उघडलं की काय मिळालं ते मोठ्याने सांग, मागितलेलं नाही, मिळालेलं. नाही जुळलं तर प्लेअर आधी रेट बदलून घेईल नाहीतर सरळ नाही म्हणेल, पण चढा तानपुरा वाजवणार नाही. बाजारातून पिशवी घरी आणून उघडण्यापेक्षा तिथंच तराजूकडे बघावं तसं आहे हे. बायकोची माफी मागितली ते वेगळं सांगायला नको.

आता कुणी म्हणेल इतका उपद्व्याप कशाला, सगळीकडे चालणाऱ्या, दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडच्या लायब्ऱ्या आहेत की. आहेत आणि चांगल्या आहेत. झिफ या संस्थेचं लिबएओ आहे, ओजीजी१२३ हा प्लेअर त्यावरच वाजतो. पोर्टऑडिओ आहे, ऑडॅसिटी हा रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांनी नकळत वापरलेलं आहे, रॉस बेन्सिना आणि फिल बर्क यांचं काम. डेव्हिड रीड यांचं मिनीऑडिओ तर हजारो ओळींची एकच फाइल आहे, ती आपल्या प्रोग्रॅमशेजारी ठेवली की विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड सगळीकडे वाजतं, रेट जुळवायचं कामही तीच करते. पोरींच्या घरचे विंडोजवाले लॅपटॉप मी तिच्याच जोरावर बोलते केले, दोन संध्याकाळींचं काम. पण माझं मत असं झालंय की असली लायब्ररी हा आपल्याकडचा एक बॅकएंड म्हणून ठेवावी, घराचा पायाच तिच्यावर घालू नये. सगळ्यांना चालेल असं करायचं म्हटलं की प्रत्येकाचं खास असलेलं थोडं थोडं सुटतं, एखाद्या ठिकाणी फेकून दे आणि वाजू दे यातला फरकच पुसट होतो, आणि उद्या तीही बदलली की परत माझे प्रिंटरचे आठ दिवस. नऊ कामांची यादी आपली असावी. माझ्याकडे नऊ पण नाहीत, सहाच आहेत.

एमपीजी१२३ कडून अजून एक चोरलं. त्याला आउटपुटची नावं स्वल्पविराम देऊन ओळीने सांगता येतात, आधी हे बघ, नाही जमलं तर ते बघ. माझं पहाटेचं काम क्रॉनवर आहे, म्हणजे मशीन स्वतःच साडेपाचला उठवतं, तेव्हा कुणी लॉगिन झालेलं नसतं, आणि लॉगिन नसेल तर पल्सचं दार बंद असतं. पहिल्या पहाटे म्हणूनच शुकशुकाट होता, लॉगमधे नुसतं कनेक्शन नाकारलं. आता यादी दिलीय, आधी पल्स, मग अल्सा, मग ओएसएस. ओएसएस मी काढून टाकणार होतो, विसाव्या शतकातली गोष्ट म्हणून. नशीब नाही काढलं. भाच्याच्या एका मित्राने फ्रीबीएसडी नावाची सिस्टम टाकलेल्या लॅपटॉपवर माझा प्लेअर बांधला आणि काही न बदलता पहिल्या फटक्यात वाजला, कारण फ्रीबीएसडीत आजही तीच डेव्ह-डीएसपी आहे, तीच फाइल, २००६ मधली माझी मैत्रीण.

लेखकांशी माझं भांडण आहे ते या ठिकाणी. त्यांनी मशीनचं वय मोजलं. प्रोग्रॅमला किती दारं आहेत ते नाही मोजलं. एमपी३ उलगडायला नव्वदच्या दशकातल्या पेंटियमला जमत होतं, त्यापुढं २०१० चं ड्युअल कोअर मशीन म्हणजे हत्ती आहे. बरं नवीन घ्या म्हणावं तर नवीनचीही गंमत बघा, रास्पबेरी पाय ५ ला हेडफोनचा जॅकच नाही, आधीच्या चौथ्या पिढीला होता. म्हणजे तिथंही युएसबी कार्ड नाहीतर एचडीएमआय. दारं बदलत राहणारच, नव्या मशीनची तर जास्तच.

आणि एक विनंती, ती लेखकांना नाही, आपल्या भागातल्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या सरांना-मॅडमना आहे, तुमच्या पेपरमधून पोचेल म्हणून लिहितो. शेवटच्या वर्षाला पोरं प्रोजेक्ट म्हणून हजेरीचं अ‍ॅप करतात. दरवर्षी. माझ्याकडे दोन पोरं आली होती मार्गदर्शन करा म्हणून, मी म्हटलं हजेरीचं अ‍ॅप तुमच्या आधीच्या बॅचने केलंय, त्यांच्या आधीच्यांनीही केलंय, तुम्ही एखाद्या छोट्या कमांड लाइन प्लेअरला एक बॅकएंड जोडा. तोंडं पडली. दिसायला काही नाही ना त्यात, परीक्षकाला दाखवायचं काय, काळा पडदा? पण त्यातला एकजण तयार झाला. चार महिन्यांत त्याने अँड्रॉइडचा बॅकएंड केला, एऑडिओ म्हणतात, अँड्रॉइड ८ पासून आहे. त्यात त्याला थ्रेड, म्हणजे एकाच वेळी शेजारी शेजारी चालणारी कामं, कळले, रहाट कळला, टक् कुठून येतं ते कळलं, आणि दुसऱ्याने लिहिलेला कोड न मोडता त्यात आपली एक खोली कशी बांधायची ते कळलं. सर्टिफिकेटच्या कोर्समधे हे शिकवत नाहीत. परीक्षकांनी विचारलं याचा उपयोग काय, तर त्याने खिशातून जुना फोन काढला, काच फुटलेला, सिम नसलेला, आणि काळी चारचा तानपुरा लावला. तो फोन आता क्लासमधल्या एका पोरीच्या घरी आहे, तिचे वडील रिक्षा चालवतात, इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची पेटी घ्यायची म्हणजे त्यांना विचार करावा लागतो.

लेखकांना जुनी मशीनं खरंच भंगारात काढायची असतील तर आधी आमच्याकडे आणून द्यावीत, क्लासमधल्या अजून सहा पोरींकडे काहीच नाही. स्पीकर असेल तर उत्तम, नसेल तर काडेपेटी कार्ड मी घालतो. बघायला यायचं असेल तरी या, फक्त साडेपाच ते सात मधे येऊ नका, तेव्हा ही कुणाशी बोलत नाही, माझ्याशीही नाही.

आपला,
एक जुना वाचक, मिरज

ता.क. पत्र लांबलंय हे मला माहितीय. जागेअभावी कापायचं झालं तर प्रिंटरचा भाग कापा. तानपुरा चढल्याचा कापू नका, त्यात माझी चूक छापून यावी अशी हिची इच्छा आहे.